२०१४ ची केमन की २०१८ ची ७१८? सोलापुरातील एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना चालवणारे एक उद्योजक २०२५ च्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, पोर्शेच्या दोन जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या आरसीच्या झेरॉक्स घेऊन माझ्या कार्यालयात आले. मी वाहन विम्याचा सर्वेक्षक आहे. मोडलेल्या गाडीचे नुकसान मोजणे हे माझे काम. कोणती गाडी घ्यावी हे सांगणे त्यात बसत नाही. परंतु त्यांच्या टेम्पोंचे आणि घरच्या गाड्यांचे दावे गेली बारा वर्षे मीच पाहत असल्याने त्यांनी हक्काने प्रश्न टाकला, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. त्यांच्या संमतीने, नावे वगळून, ते प्रकरण येथे मांडत आहे. मजकुरात त्यांना ‘मालक’ म्हटले आहे, कारण कारखान्यातल्या वॉचमनपासून घरच्या मिस्त्रीपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणतात.

पहिली झेरॉक्स २०१४ च्या पोर्शे केमनची होती. ९८१ या अंतर्गत क्रमांकाने ओळखली जाणारी ही पिढी, २.७ लिटरचे इंजिन, पुण्याची, एमएच-१२ पासिंग, १९ हजार किलोमीटर चाललेली, मागणी ४६ लाख. दुसरी २०१८ च्या ७१८ केमनची. हैदराबादची, तेलंगणा पासिंग, २६ हजार किलोमीटर, मागणी ६८ लाख. मालकांचे मन नव्या गाडीकडे झुकलेले होते आणि त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा होता, हे त्यांनी झेरॉक्स ज्या क्रमाने टेबलावर ठेवल्या त्यावरूनच कळत होते.

दोन पिढ्यांत नेमका फरक काय

बाहेरून पाहणाऱ्याला या दोन गाड्या सख्ख्या बहिणी वाटतात, आणि ते फारसे चूक नाही. इंजिन चालक आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसवण्याची रचना तीच, सांगाडा बराचसा तोच, दोनच आसने, दोन्हीकडे सात गिअरचा पीडीके हा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. ७१८ मध्ये पत्रा बहुतेक बदलला, स्टिअरिंग सुमारे दहा टक्क्यांनी अधिक थेट झाले आणि डॅशबोर्डवरच्या पडद्याला मोबाइल जोडता येऊ लागला. हे सगळे किरकोळ आहे. खरा फरक पाठीमागे, दिसत नाही त्या जागी आहे.

९८१ च्या केमनमध्ये समोरासमोर आडवे निजवलेले सहा सिलिंडर आहेत; टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे यंत्र, नाही. २,७०६ घनसेंटिमीटरचे हे इंजिन २७५ हॉर्सपॉवर देते, पण मिनिटाला ७,४०० फेरे झाल्यावर. त्याचा २९० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, तोदेखील ४,५०० फेऱ्यांच्या आधी पूर्ण हाती येत नाही. २०१६ मध्ये आलेल्या ७१८ ने दोन सिलिंडर कमी केले आणि त्यांच्या जागी टर्बो दिला. आता दोन लिटरच्या चार सिलिंडरांतून ३०० हॉर्सपॉवर आणि ३८० न्यूटन-मीटर मिळतात, आणि हा टॉर्क १,९५० फेऱ्यांनाच हजर असतो. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला जुनीला पीडीकेसह ५.६ सेकंद लागतात, नवीला ४.९.

हे बदल इंधन बचतीच्या आणि प्रदूषणाच्या नियमांपोटी झाले, आणि आवाजाच्या बाबतीत त्यांची किंमत मोजावी लागली, यावर जगभरच्या शौकिनांचे एकमत आहे. कंपनीनेही २०२० मध्ये ७१८ च्या जीटीएस प्रकारात टर्बोशिवायचे चार लिटरचे सहा सिलिंडर पुन्हा बसवले. यापेक्षा स्पष्ट कबुली कोणती असू शकते? तरीही आवाज हा मुद्दा मी पहिल्या बैठकीत बाजूला ठेवायला सांगितले, कारण आवाजावर बोलायला लागलेला माणूस आकड्यांवर येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आकडे नवीच्या बाजूने होते, आणि सोलापूरचे आकडे तर अधिकच. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावते, कारण वर हवा विरळ होत जाते. त्यात मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की तापलेली हवा आणखी विरळ होते. म्हणजे कागदावरच्या २७५ पैकी आपल्याकडच्या उन्हाळी दुपारी अडीचशेच्या आसपास उरतात, असे ढोबळमानाने धरावे. टर्बो उंचीची ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. तापलेल्या हवेचा त्रास त्यालाही होतो, पण त्याच्या हाताशी शिल्लक जास्त असते.

वही

मालकांना मी पंधरा दिवसांची एक वही ठेवायला सांगितली. रोज कुठे गेलात, किती वाजता, कोण सोबत होते आणि रस्ता कसा होता, एवढेच लिहायचे. कोणत्या गाडीने गेलात याला महत्त्व नाही. टॉवेलच्या ऑर्डरी काटेकोर नोंदवणाऱ्या माणसाने ती वहीही तितक्याच नेटाने लिहिली.

वही वाचली तेव्हा माझेही मत नव्या गाडीच्या बाजूने पक्के झाले. होटगी रोडवरच्या घरापासून कारखान्यापर्यंत रोजची ये-जा, आसरा चौकातली गर्दी, सात रस्त्याचे सिग्नल, पावलोपावली स्पीडब्रेकर. अशा चालवण्यात इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या वर जातच नाही. जिथे जुन्या गाडीचे इंजिन अजून झोपेत असते तिथे नवीचा सगळा टॉर्क जागा असतो. आठ-दहा ओळींचा अभिप्राय लिहून मी पाकीट तयारही केले होते.

ते पाकीट गेले नाही, याचे श्रेय मालकांच्या वडिलांना आहे. घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारे हे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, चहा चालू असताना एवढेच म्हणाले, “ह्यात बसणार कोण?”

प्रश्न साधा होता, पण त्यानंतर मी वही पुन्हा उघडली आणि लाल पेन घेतला. ज्या फेरीत चालकाखेरीज एकाहून जास्त माणसे होती तिच्यावर रेघ. ज्या फेरीत नमुन्यांचे गठ्ठे होते तिच्यावर रेघ. कारखान्याच्या फेऱ्यांवर रेघ, कारण एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यावर जमिनीला टेकलेली गाडी रोज नेणे म्हणजे पुढच्या बंपरचा दावा माझ्याकडे महिन्याला आणण्यासारखे आहे. लग्नाला जाणे, दवाखाना, अक्कलकोटला सहकुटुंब दर्शन, सगळ्यांवर रेघा. पंधरा दिवसांतून उरल्या तीन नोंदी: दोन रविवारी पहाटे साडेपाचला एकट्याने तुळजापूर, आणि एकदा वहिनींसोबत पुणे.

नव्या गाडीची बाजू ज्या फेऱ्यांवर उभी होती, त्या फेऱ्यांना ही गाडी, नवी असो वा जुनी, जाणारच नव्हती. उरलेल्या फेऱ्या मोकळ्या रस्त्याच्या होत्या.

मोकळ्या रस्त्याचे गणित वेगळे असते. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी शंभरची मर्यादा आहे. जुन्या केमनमध्ये पहिला गिअर पूर्ण आणि दुसऱ्याचा बहुतेक भाग वापरून झाला की शंभर येतात. म्हणजे इंजिनाचा चढत जाणारा स्वर, ताकद वर वर साठत जाण्याची ती गंमत, कायद्याच्या आत राहून पदरात पडते. नवी गाडी दोन हजार फेऱ्यांना जे द्यायचे ते देऊन टाकते आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत मर्यादा ओलांडायला निघते. वेगाच्या स्पर्धेत ती निःसंशय सरस आहे. पण ज्याला पहाटे तुळजापूरच्या घाटात एकट्याने वीस मिनिटे काढायची आहेत, त्याच्या उपयोगाला ती सरसता येत नाही. आवाजाचा जो मुद्दा मी स्वतः बाजूला ठेवायला लावला होता, तो असा मागच्या दाराने परत आला; मला त्याचा थोडा रागच आला, पण वही माझीच कल्पना होती.

पाहणी

हैदराबादची गाडी मालकांनी तिथल्या बाह्यवळण रस्त्यावर चालवली. पुण्याची आम्ही तिघांनी पाहिली: मालक, त्यांचे जुने मिस्त्री आणि मी. दोन गाड्या दोन वेगळ्या रस्त्यांवर चालवून केलेली तुलना शास्त्रशुद्ध नव्हे, हे मान्य केले पाहिजे. हैदराबादहून परतल्यावर मालक बराच वेळ गाडीच्या जोराबद्दल बोलत होते. पुण्याहून येताना ते भिगवणपर्यंत काहीच बोलले नाहीत.

पाहणीत मिस्त्रींचा पहिला गोंधळ पाहण्यासारखा होता. त्यांनी पुढचे झाकण उघडले, तिथे सामानाचा खड्डा. मागचे उघडले, तिथेही सामानाची जागा आणि कडेला दोन टोप्या, एक ऑइलची आणि एक कूलंटची. “मालक, इंजिन कुठं गेलं?” इंजिन आसनांच्या मागे, आच्छादनाखाली असते आणि वरून हात घालून पाहता येत नाही, ऑइलची पातळी पाहायला डिपस्टिकसुद्धा नाही, ती डॅशबोर्डवर वाचायची. चाळीस वर्षे इंजिनाला कान लावून निदान करणाऱ्या माणसाला हे अपमानास्पद वाटले. मात्र गाडी लिफ्टवर चढताच ते सावरले आणि त्यांनी जे शोधले ते विक्रेत्याच्या जाहिरातीत कुठेच नव्हते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. या गाडीच्या चारही टायरांवर २३१७ होते, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल, पण रबर साडेसात वर्षांचे; कडेला नखाने दाबले की बारीक भेगा उघडत होत्या. कमी चाललेल्या गाडीचा हा ठरलेला दोष आहे, आणि किलोमीटर पाहून खूश होणारा ग्राहक नेमका त्यालाच फसतो. मग मिस्त्रींनी टॉर्च घेऊन पुढच्या बंपरच्या दोन्ही कडांच्या जाळीतून आत पाहिले. या गाड्यांचे रेडिएटर पुढे दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. जाळीतून आत गेलेला पाला तिथे अडकतो, ओला होतो आणि पत्र्याला खातो. डाव्या बाजूला वाळकी पाने आणि चॉकलेटचा एक कागद निघाला. कंडेन्सर मात्र शाबूत होते.

कागदांत सर्व्हिसच्या नोंदी सलग होत्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललेले होते. पीडीकेच्या क्लचचे ऑइल बदलल्याची नोंद मात्र सापडली नाही, आणि त्याची मुदत वर्षांच्या हिशेबाने केव्हाच उलटली होती. पीडीके हा जुन्या केमनमधला सर्वांत महाग धोका आहे. तो सहसा बिघडत नाही, पण आतला एखादा सेन्सर गेला तरी बिलाची सुरुवात लाखांत होते. याउलट पोर्शेच्या त्याआधीच्या इंजिनांमधल्या एका बेअरिंगची जी धास्ती खरेदीदार बाळगतात ती येथे लागू नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिन मालिकेत ते बेअरिंगच उरले नाही. मालकांना कोणीतरी त्याची भीती घातली होती, ती काढायला मला अर्धा तास लागला.

कर, विमा आणि ऊस

हैदराबादच्या गाडीची किंमत ६८ लाखांवर थांबत नव्हती. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडची एनओसी आणि इकडचा कर. आयात गाडीवर महाराष्ट्रात एकरकमी कर २० टक्के आहे. वयानुसार वजावट धरूनही एजंटचा अंदाज सात-आठ लाखांच्या खाली येईना. पुण्याच्या गाडीला यातले काही नव्हते. राज्य तेच, त्यामुळे क्रमांक तोच आणि कर पुन्हा नाही.

गाडी कारखान्याच्या नावे घेण्याची कल्पना निघाली होती, ती त्यांच्या सीएंनी दोन वाक्यांत मोडीत काढली.

विम्याबद्दल मालकांची समजूत अशी होती की जुन्या गाडीचा दावा फारच तोकडा मिळतो. प्रत्यक्षात फरक कमी आहे. सुट्या भागांच्या किमतीतून घसारा कापताना रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर वय काहीही असो ५० टक्के कापले जातात, काचेवर काहीच नाही. वयाप्रमाणे बदलतो तो धातूच्या भागांचा घसारा: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढे ५०. म्हणजे या दोन गाड्यांत फरक फक्त धातूवरच्या दहा टक्क्यांचा. अशा गाडीला आपल्या रस्त्यांवर पहिला मार बसतो तो पुढच्या प्लास्टिकच्या बंपरला, आणि तिथे दोघी सारख्याच. पाच वर्षांवरील गाडीची विमा रक्कम कंपनी आणि ग्राहक यांनी आपसांत ठरवायची असते. ती कमी प्रीमियमच्या मोहाने खाली आणू नये, एवढे मी बजावले.

इथेनॉलचा प्रश्न दोन्ही पिढ्यांना समान होता. या गाड्यांचे मॅन्युअल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असे सांगते आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचे मिश्रण येते. उसाच्या जिल्ह्यात बसून इथेनॉलविरुद्ध बोलणे धाडसाचे आहे. पण आठवडाभर उभी राहणाऱ्या गाडीत असे पेट्रोल हवेतली ओल ओढून घेते, हे खरे. यावर उपाय म्हणजे टाकी भरलेली ठेवणे आणि गाडी तीन आठवड्यांहून अधिक उभी न ठेवणे. इथेनॉल नसलेले शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मिळते, पण त्याला साध्याच्या जवळजवळ दीडपट दर मोजावा लागतो. येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: २०१० मध्ये बीएस-४ या प्रदूषण मानकाचे इंधन देशातल्या ज्या मोजक्या शहरांत आधी आले त्यांत मुंबई, पुणे, दिल्ली यांच्या रांगेत सोलापूरही होते. इंधनाच्या बाबतीत आपण नेहमीच मागे होतो असे नाही.

निर्णय

फेब्रुवारीच्या शेवटी मी लेखी अभिप्राय दिला. त्यात लिहिले की वयाने, वेगाने आणि सोयीने ७१८ ही अधिक चांगली गाडी आहे. तरीही वहीत उरलेल्या तीन नोंदींसाठी ९८१ घ्यावी, परंतु चार टायर, पीडीकेचे ऑइल आणि बॅटरी यांचा खर्च किमतीतून वजा करून, आणि सहा लाख रुपये गिअरबॉक्सच्या नावाने वेगळे ठेवून. रोज कारखान्यात गाडी नेण्याचा विचार असेल तर माझा सल्ला उलटा समजावा, हेही वाक्य घातले.

मालकांनी दोन दिवस घेतले. नवीचे करासह ७६ लाख आणि जुनीचे राखीव रकमेसह ५० च्या आत, हा फरक त्यांनी त्यांच्या पद्धतीने मोजला: “म्हणजे एक चांगला जुना रॅपिअर लूम.” वहिनींचा कल मात्र शेवटपर्यंत ७१८ कडे होता. पुण्याच्या प्रवासात मोबाइलवरचा नकाशा पडद्यावर दिसावा ही त्यांची एकच मागणी होती आणि ती अगदी रास्त होती; जुन्या गाडीत आज फोन एसीच्या जाळीला अडकवावा लागतो, आणि पाटसच्या टोलनाक्यापर्यंत तो किमान एकदा पडतो.

व्यवहार साडेत्रेचाळीस लाखांना ठरला. मार्चमध्ये गाडी आली. पहिल्या रविवारी पहाटे मालकांनी मला सोबत नेले. तुळजापूरच्या घाटात उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरमागे आम्ही अडकलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार फेऱ्यांवर गाडी अक्षरशः काहीच करत नव्हती. येथे ७१८ असती तर बोटभर जागेत पुढे निघाली असती, हे मी मनात नोंदवले आणि बोललो नाही. ट्रॅक्टर वळला, रस्ता मोकळा झाला, आणि साडेपाच हजारांच्या पुढे पाठीमागून जो आवाज आला त्यावर माझ्या अभिप्रायात एकही ओळ नव्हती.

सप्टेंबरमध्ये एसी थंड करीना म्हणून मिस्त्रींनी पुढचा बंपर उतरवला. उजव्या बाजूच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये नमद्यासारखा दाबून बसलेला पांढरा थर होता, हाताच्या तळव्याएवढा. मिस्त्रींनी तो सोलून काढला, उन्हात धरला आणि मालकांच्या हातावर ठेवला. “मालक, हा आपल्याच टॉवेलचा.” एप्रिल-मेमध्ये गाडी अकरा वेळा कारखान्यात जाऊन शेडच्या पंख्यांसमोर उभी राहिली होती, हे तेव्हा कळले. आता जाळीच्या आत स्टीलची बारीक जाळी बसवली आहे, आणि कारखान्याच्या फेऱ्यांवर लाल रेघ मारलेली ती वही मालकांनी माझ्याकडून मागून नेली आहे.